डोंगरवाटेची सायकल : निवड आणि सुधारणा

सायकल म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सपाट डांबरी रस्ता उभा राहतो. आपला चांदनीचा परिसर मात्र तसा नाही. खंडवा-भुसावळ लोहमार्गावरील हे लहानसे स्थानक सातपुड्याच्या कुशीत वसले आहे. इकडे नेपानगर, तिकडे असीरगड आणि पलीकडे तापीकाठचे बऱ्हाणपूर. मध्यंतरी चढ, उतार, नाले, मुरमाच्या वाटा आणि सागाचे रान. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकाला धरून बसतो, तर उन्हाळ्यात बाभळीचे काटे आणि सराटे वाटेवर दबा धरून असतात. असीरगडाचा डोंगर पायथ्यापासून सुमारे २५९ मीटर उंच आहे. अशा मुलखात सायकल चालवावयाची म्हणजे केवळ हौस असून भागत नाही, थोडे शास्त्रही जाणावे लागते.

आपल्याकडे सायकल ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. २६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते नेपानगरच्या कागद गिरणीचे उद्घाटन झाले, तेव्हापासून पाळीला जाणाऱ्या कामगाराला सायकलीचा आधार राहिला. आज मध्य प्रदेश शासन दुसऱ्या गावी शाळेस जाणाऱ्या सहावी व नववीच्या ग्रामीण विद्यार्थ्यांना विनामूल्य सायकल देते, तिचा हेतूही हाच आहे. पाड्यावरची एखादी मुलगी आठवीनंतर शाळेत टिकते की घरी बसते, याचा निर्णय पुष्कळदा दाराशी उभ्या असलेल्या सायकलीवर अवलंबून असतो. म्हणून सायकल कशी निवडावी, असलेली कशी सुधारावी आणि पैसा नेमका कोठे घालावा, हा प्रश्न आम्हांला क्रीडेइतकाच गृहव्यवस्थेचाही वाटतो.

हल्ली दुकानात ‘माउंटन बाइक’ या नावाने जाड टायरांच्या, झगमगीत रंगांच्या सायकली मांडलेल्या असतात. या जातीचा जन्म कसा झाला, ते प्रथम पाहिले पाहिजे, कारण त्या कथेतच काटकसरीचा पहिला धडा आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात मरीन नावाचा परगणा आहे. तेथील टॅमलपाइस डोंगराच्या परिसरातील कच्च्या उतारांवरून १९७० च्या दशकात काही तरुण सायकली पिटाळू लागले. त्यांच्याजवळच्या सायकली नव्या नव्हत्या. १९३० व १९४० च्या सुमारास बनलेल्या, भंगारात निघालेल्या, फुगीर टायरांच्या जड सायकली त्यांनी स्वस्तात मिळविल्या. त्यांचा ब्रेक मागील चाकाच्या तुंब्यात असे व पायडल उलटे दाबले की लागे. उतार इतका तीव्र होता, की खाली पोहोचेपर्यंत तुंब्यातील ग्रीज तापून धूर होऊन जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. या ‘पुन्हा भरण्या’वरूनच त्या उतारास ‘रीपॅक’ हे नाव पडले. तेथे पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी झाली.

ते तरुण पुढे काय करीत गेले? ब्रेक जळू लागला, तेव्हा त्यांनी अधिक चांगले ब्रेक आणि मोटरसायकलीच्या ब्रेकचे दांडे बसविले. चढावर सायकल ढकलून जीव मेटाकुटीस आला, तेव्हा गिअर बसविले. जुने सांगाडे मोडू लागले, तेव्हा १९७७ साली जो ब्रीझ याने खास या कामासाठी नवा सांगाडा घडविला. १९९६ साली अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत या खेळाला स्थान मिळाले. पण या साऱ्या प्रगतीचा क्रम ध्यानात घ्या. आधी गरज, मग सुधारणा. दिखाऊपणासाठी त्यांनी काही बसविले नाही. आपणही हाच क्रम पाळावा, असे आमचे मत आहे.

आता गिअर म्हणजे काय, ते पाहू. आपली नेहमीची काळी सायकल घ्या. तिचे चाक २८ इंची असते. पायडलाच्या चक्राला ४४ दाते आणि मागील फ्रीव्हीलला १८ दाते आहेत असे समजू. पायडल एकदा फिरले की मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे सुमारे २.४४ वेळा फिरते. चाकाचा घेर सुमारे २.२३ मीटर असल्याने पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४५ मीटर पुढे जाते. सपाटीवर हे उत्तम. पण चढावर काय होते?

समजा, आपले व सायकलीचे मिळून वजन ७५ किलो आहे आणि रस्ता वीस मीटरांस एक मीटर चढतो. अशा चढावर मागे ओढणारा जोर एकंदर वजनाच्या विसाव्या हिश्शाइतका, म्हणजे पावणेचार किलो भाराइतका असतो. तो लहान वाटतो खरा. परंतु पायडलाचा दांडा सुमारे १७ सेंटिमीटर लांब असल्यामुळे आपला पाय एका फेऱ्यात जेमतेम १.०७ मीटर सरकतो आणि तेवढ्यात सायकल ५.४५ मीटर चढवावयाची असते. अंतर पाचपट मिळते, म्हणून जोरही पाचपट द्यावा लागतो. पायडलावर सरासरी १९ किलोंचा दाब सतत द्यावा, तेव्हा कोठे सायकल चढते. शिवाय ताशी ६ किलोमीटरांच्या मंद गतीने जावयाचे म्हटले, तर पायडल मिनिटाला केवळ १८ वेळा फिरते. इतक्या संथ फेऱ्यांत तोल सांभाळणे कठीण आणि गुडघ्यांवर ताण विलक्षण. म्हणून आपण उतरतो आणि सायकल हाताने ढकलतो.

डोंगरी सायकलीत पुढे तीन चक्रे व मागे सहा-सात चक्रे असतात. पुढील सर्वांत लहान चक्र २४ दात्यांचे आणि मागील सर्वांत मोठे २८ दात्यांचे धरले, तर २६ इंची चाकावर एका फेऱ्यात सायकल सुमारे १.७६ मीटर जाते. तोच चढ, तेच वजन. पण पायडलावरील सरासरी दाब आता सुमारे ६ किलो भरतो. त्याच मंद गतीला पायडल मिनिटाला ५७ वेळा फिरते आणि ही फेऱ्यांची गती पायांस मानवते. गिअर शक्ती निर्माण करीत नाही, हे मात्र विसरू नये. डोंगर चढावयास जेवढे काम करावयाचे तेवढे करावेच लागते. गिअर फक्त त्या कामाचे लहान लहान घास करून देतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून ‘घाटाचा राजा’ म्हणविणाऱ्या स्वाराचे पाय जितके महत्त्वाचे, तितकीच त्याची योग्य वेळी गिअर बदलण्याची समजही महत्त्वाची असते.

यावरून कोणी असे समजेल, की नवी गिअरची सायकल घेतल्यावाचून गत्यंतर नाही. तसे नाही. घरातील काळ्या सायकलीचे १८ दात्यांचे फ्रीव्हील काढून २२ दात्यांचे बसविले, तर एका फेऱ्याचे अंतर ५.४५ वरून ४.४६ मीटरांवर येते आणि त्याच चढावरील दाब १९ ऐवजी साडेपंधरा किलोंच्या आसपास राहतो. चेनीत इंचभर भर घालावी लागते किंवा चाक त्याच्या खाचेत अर्धा इंच पुढे घ्यावे लागते. गावच्या सायकल मिस्त्रीला हे काम नवे नाही. तीव्र चढ याने जिंकले जाणार नाहीत. परंतु शाळेच्या वाटेवरील मध्यम चढ उतरावे न लागता पार होतील. सपाटीवर वेग किंचित कमी होईल, एवढेच त्याचे मोल. इतक्या अल्प खर्चात एवढा लाभ देणारी दुसरी सुधारणा आम्हांस ठाऊक नाही.

चढाचे झाले. उताराचा विचार त्याहून गंभीर आहे, कारण चढावर फार तर दम लागतो. उतारावर प्राणाशी गाठ असते. ७५ किलो वजन १०० मीटर खाली आणावयाचे, तर सुमारे ७३,५०० ज्यूल इतकी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. एका मोठ्या पेल्यातील पाणी उकळीस आणण्यास पुरेल एवढी ही उष्णता आहे. त्यातील काही भाग वारा व रस्ता घेतात. आपण हळूहळू उतरू लागलो, तर उरलेला मोठा भाग ब्रेकची चार रबरे आणि चाकाची रिम यांनाच सोसावा लागतो. वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते, हाही नियम पाठ असावा.

काळ्या सायकलीचे ब्रेक लोखंडी दांड्यांनी ओढले जातात आणि रबर रिमच्या आतील अंगावर घासते. कोरड्या दिवसांत ते काम देतात. पावसात मात्र पोलादी रिम ओली झाली, की रबर नुसते सरकत राहते आणि सायकल थांबता थांबत नाही. या रिमची घडण निराळी असल्यामुळे तिला बाजूंनी दाबणारे नवे ब्रेक बसविण्याचा खटाटोप करू नये. त्याऐवजी रबरे वेळेवर बदलावी, दांड्यांचे सांधे तेल घालून मोकळे ठेवावे, रिम पुसून कोरडी राखावी आणि पावसाळ्यात मोठा उतार पायी उतरावा. त्यात कमीपणा नाही.

नवी सायकल घेणाऱ्याने ॲल्युमिनियमची रिम आणि तिच्या दोन्ही बाजूंनी दाबणारे लांब हातांचे ब्रेक पाहून घ्यावे. यांना दुकानदार ‘व्ही ब्रेक’ म्हणतात. ते स्वस्त, हलके व भरवशाचे असून त्यांची रबरे सहज मिळतात. चाकाच्या मध्याशी चकती असलेले डिस्क ब्रेक चिखलात अधिक चांगले चालतात, हे खरे. तथापि अगदी स्वस्त सायकलीवरील हलक्या प्रतीच्या डिस्कपेक्षा चांगल्या प्रतीचा व्ही ब्रेक बरा. ब्रेक कोणताही असो, त्याची तार गंजलेली असेल तर सारे व्यर्थ. नवी तार आणि तिचे आवरण ही किरकोळ किमतीची वस्तू जुन्या ब्रेकला नवे जीवन देते.

आता दुकानातील सर्वांत मोठ्या मोहाविषयी. पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, जाडजूड नळ्या असे रूप पाहून मुले भुलतात आणि मुलांच्या हट्टापुढे वडील नमतात. उत्तम प्रतीच्या सायकलीत स्प्रिंगबरोबर तिची उसळी आवरणारी यंत्रणाही असते आणि त्या यंत्रणेचीच किंमत मोठी असते. स्वस्त सायकलीत ती नसते. असते ती केवळ स्प्रिंग. परिणाम असा, की चढावर उभे राहून पायडल मारले म्हणजे आपली बरीच शक्ती सायकलीला खालीवर डोलविण्यात जाते. वजन काही किलोंनी वाढते ते निराळेच. मागील स्प्रिंगचे सांधे तर धुळीने लवकरच कुरकुरू लागतात. म्हणून मर्यादित पैशांत घ्यावयाची असेल, तर स्प्रिंग नसलेली, साध्या ताठ सांगाड्याची सायकल घ्यावी. धक्के सोसण्याचे काम रुंद टायर करतो. टायरच्या बाजूवर हवेच्या दाबाची कमाल व किमान मर्यादा छापलेली असते. खडकाळ वाटेवर किमान मर्यादेच्या जवळ आणि डांबरी रस्त्यावर कमाल मर्यादेच्या जवळ हवा ठेविली, तर एकाच टायरकडून दोन्ही कामे होतात.

टायरांच्या मापाविषयी मोठा गोंधळ आहे, तो दूर करून घ्यावा. इंचांचे आकडे फसवे असतात. आपल्या काळ्या सायकलीच्या २८ इंची रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर, तर डोंगरी सायकलीच्या ‘२९ इंची’ रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर असतो. नावाने मोठे ते मापाने लहान! डोंगरी सायकलींत ५५९, ५८४ व ६२२ अशी तीन मापे मुख्य आहेत. ती अनुक्रमे २६, साडेसत्तावीस व २९ इंची म्हणून ओळखली जातात. टायर आणावयास जाताना जुन्या टायरवरील हा मिलिमीटरांचा आकडा टिपून न्यावा, म्हणजे फेरा वाया जात नाही. सायकल घेण्यापूर्वी त्या मापाचे टायर-ट्यूब बऱ्हाणपूर किंवा खंडव्यास सहज मिळतात का, याची चौकशी करावी. ज्या सायकलीचा सुटा भाग आठ दिवसांनी येतो, ती सायकल आठ दिवस शाळा बुडविते. ट्यूबचा वाल्व्हही पाहावा. जुन्या वाल्व्हमधील रबरी वालट्यूब सडली की हवा जाते. उलट स्कूटरसारखा जाड वाल्व्ह असेल, तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते.

सांगाडा पोलादी असावा की ॲल्युमिनियमचा? ॲल्युमिनियम हलके व न गंजणारे आहे. पण ते तडकले तर गावच्या वेल्डिंगवाल्याच्या आवाक्याबाहेरचे असते. पोलाद किंचित जड, पण दुरुस्तीस सोपे. दूरच्या पाड्यावर राहणाऱ्यास आम्ही पोलादच सुचवू. याहून महत्त्वाचे म्हणजे सायकल अंगास बेताची असणे. ‘पोर वाढते आहे’ म्हणून मोठी सायकल घेण्याची आपल्याकडे रीत आहे. कपड्यांच्या बाबतीत ती ठीक. सायकलीच्या बाबतीत धोक्याची. सायकलीच्या दांडीवर दोन्ही पाय टेकून उभे राहिले असता मध्ये निदान दोन इंच मोकळी जागा राहिली पाहिजे. सीटची उंची ठरविताना टाच खालच्या पायडलावर ठेवावी. गुडघा सरळ झाला की उंची बरोबर. मग चवडा पायडलावर ठेविला असता गुडघा किंचित वाकलेला राहतो आणि जोर पुरा लागतो.

गिअरची सायकल निवडताना मागील चक्रे कशी बसविली आहेत, हे विचारावे. स्वस्त प्रकारात चक्रांचा जुडगा तुंब्यावर आटे देऊन घट्ट बसविलेला असतो. त्यात त्या बाजूचे छर्रे आतल्या अंगाला राहतात आणि आसाचे टोक आधाराविना उरते. खड्ड्यांतून जड ओझे नेताना तो आस वाकतो. दुसऱ्या प्रकारात चक्रे तुंब्यावरच सरकवून बसवितात व छर्रे अगदी टोकाशी असतात, म्हणून आस टिकतो. यास दुकानात ‘कॅसेट’ म्हणतात. थोडे अधिक पैसे देणे शक्य असेल तर ते स्प्रिंगवर न घालता येथे घालावे. गिअर २१ आहेत की २४ आहेत, या आकड्यांना फारसे महत्त्व नाही. सर्वांत हलका गिअर किती हलका, एवढे पाहिले की पुरे.

जुनी सायकल घेणे हाही शहाणपणाचा मार्ग आहे. मात्र डोळे उघडे हवेत. सांगाड्याच्या सांध्यांवर रंगात बारीक भेगा आहेत का, ते पाहावे. चाक उचलून फिरवावे; ते डावे-उजवे हेलकावत असेल, तर मिस्त्री ताराची ओढ साधून आऊट काढू शकतो. रिम ठेचलेली असेल तर मात्र नवी लागेल. चेनीची झीज मोजपट्टीने कळते. एका पिनेच्या मध्यापासून मोजले असता चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर आली पाहिजे. ती एक सोळांश इंच पुढे गेली असेल, तर चेन बदलण्याची वेळ झाली. एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल, तर चेनीने मागील चक्रांचे दातेही खाल्ले, असे समजावे. चेन वेळेवर बदलणाऱ्याची चक्रे वाचतात. लहान खर्च मोठा खर्च कसा वाचवितो, याचे यापरते चांगले उदाहरण नाही.

आता पैशांचा क्रम सांगतो. भाव दर वर्षी बदलतात, क्रम मात्र बदलत नाही. पहिला पैसा शिरस्त्राणासाठी. त्यावर ईएन १०७८ ही मानकाची खूण पाहावी आणि ते कपाळावर नीट बसते याची खात्री करावी. दुसरा पैसा ब्रेकच्या रबरांसाठी व तारांसाठी. तिसरा मागील लाल दिवा व पुढील उजेड यांसाठी, कारण हिवाळ्यात शाळा व शिकवणी आटोपून घरी परतताना अंधार गाठतो. चौथा टायरांसाठी. पाचवा हलक्या गिअरसाठी, मग ते काळ्या सायकलीचे फ्रीव्हील असो की नव्या सायकलीची मोठी चक्रे. वर्षातून एकदा, पावसाळा संपताच, ओव्हरहॉल करून छर्रे धुऊन नवे ग्रीज भरावे. या साऱ्यानंतर काही उरलेच, तर रंगीत मुठी व घंटा घ्याव्या. त्यांस आमची हरकत नाही.

काही गोष्टींना पैसाच लागत नाही. सराट्यांच्या वाटेवरून आल्यावर टायर हाताने चाचपून काटे काढणे, चिखल वाळण्यापूर्वी मडगार्डखालून खरवडणे, जुन्या फडक्याने चेन पुसून दोन थेंब तेल घालणे आणि जास्तीचे तेल पुसून टाकणे, ही कामे घरातील लहान मूलही करील. पंक्चर काढावयास प्रत्येक विद्यार्थ्याने आणि विद्यार्थिनीने शिकलेच पाहिजे. ठिगळे, सोल्युशन, घासकागद, टायर उचकटण्याचे दोन चपटे दांडे आणि लहान पंप एवढे साहित्य दप्तराच्या कोपऱ्यात मावते. रानातल्या वाटेवर मिस्त्रीचे दुकान नसते, परंतु ही लहानशी पिशवी असली म्हणजे मैलोगणती सायकल ढकलण्याचा प्रसंग येत नाही.

उतारावर दोन्ही ब्रेक मिळून वापरावे. पुढचा एकटा एकदम दाबू नये. वळण येण्यापूर्वीच वेग कमी करावा, वळणात नव्हे. शरीराचा भार किंचित मागे ठेवावा. ओल्या दिवशी आधी ब्रेक हलके दाबून रिम पुसून घ्यावी, मग उताराला लागावे. मागे डबलसीट बसवून तीव्र उतार उतरू नये, कारण वाढलेले वजन ब्रेकला ठाऊक नसते.

या सुट्टीत घरातील सायकल अंगणात उलटी ठेवून वर सांगितलेल्या क्रमाने एकेक भाग तपासावा. पुढच्या व मागच्या चक्राचे दाते मोजावे, चाकाचा घेर दोरीने मापावा आणि पायडलाच्या एका फेऱ्यात आपली सायकल किती मीटर जाते, ते वहीत मांडावे. हे गणित ज्याने स्वतः केले, त्याला दुकानातील कोणतीही झगमग सहसा भुलवू शकणार नाही, आणि वडिलांचा कष्टाचा पैसा योग्य जागी खर्च होईल.